विचारा की : नंदीध्वज, धोटा आणि बॅक्टेरियाची शेपटी

गड्डा, म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, होऊन गेला तरी प्रश्न यायचे थांबले नाहीत. या वेळी निवडलेले सगळे प्रश्न शरीराचे, वजनाचे, चालण्या-पळण्याचे आहेत. एकानं नंदीध्वजाचं, म्हणजे त्या यात्रेत पेलतात त्या उंच काठीचं, विचारलंय, एकानं थेट बॅक्टेरियाचं, पण मला उत्तरं लिहिताना सारखं तेच तेच न्यूटनचे नियम काढावे लागले. नियम बदलत नाहीत, वस्तूचा आकार बदलला की त्या नियमातली कुठली गोष्ट भारी पडते ते बदलतं. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे, मॅथ्स सोडून बायो घेतलंय, नीट द्यायचीय. क्लासमध्ये दोन महिने नुसतं मेकॅनिक्स चाललंय, टॉर्क, फ्रिक्शन, पुली. मला डॉक्टर व्हायचंय, पेशंटच्या अंगात काय पुली असते का? का फक्त मार्कांपुरतं करायचं हे?
– अकरावीची विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : असते गं, खरंच असते. डोळा फिरवायला प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात, त्यातला एक सरळ डोळ्यापर्यंत येतच नाही, आधी नाकाच्या बाजूला वर एक कूर्चेची छोटी कडी असते तिच्यातून वळसा घेतो आणि मग डोळ्याला चिकटतो. त्या कडीचं नाव ट्रॉक्लिया, आणि लॅटिनमध्ये ट्रॉक्लिया म्हणजे पुलीच. तू आत्ता खाली वहीकडं बघितलंस ना, तेव्हा ती पुली चालली. गुडघ्याची वाटी पण तशीच, मांडीच्या स्नायूची ओढ हाडापासून जरा लांब धरून ठेवते म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जास्त मिळतो.

आता हे कर. ५ किलो शेंगदाण्याची पिशवी तळहातावर धर, कोपर काटकोनात ठेव. पिशवी कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आहे, आणि दंडाचा बायसेप्स पुढच्या हाताच्या हाडाला कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो. दोन्ही टॉर्क सारखे पाहिजेत, म्हणजे ५ गुणिले ३५ भागिले ४, जवळपास ४४ किलो, वर हाताचं स्वतःचं वजन धरलं तर पन्नासच्या घरात. पाच किलो उचलायला स्नायू पन्नास किलोचा जोर लावतो! पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मला वाटलं होतं की निसर्गानं चुकीच्या ठिकाणी जोडलंय, पण तसं नाहीय, स्नायू १ सेंटिमीटर आखडला की हात ९ सेंटिमीटर हलतो. दगड फेकायला, फांदी पकडायला, पडता पडता सावरायला वेग लागतो, आणि तो वेग जोराची किंमत देऊन घेतलेला आहे. हाच टॉर्क पाठीत जास्त त्रास देतो, म्हणून आई म्हणते ना की गॅसची टाकी उचलायची तर अंगाजवळ धर, ते शंभर टक्के बरोबर आहे, टाकी लांब धरली की कंबरेच्या मणक्यावरचा भार काही पटीनं वाढतो.

आणि डॉक्टर लोकांचं म्हणशील तर या विषयात त्यांनी फार मोठी कामं केलीत. विल्यम हार्वेनं १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडलं, ते नुसतं कापून बघून नाही, हिशोब करून. आजच्या आकड्यांत सांगते, एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, तासाला ३०० लिटर. अंगात रक्तच ५ लिटर असतं! मग तासाला ३०० लिटर नवीन रक्त येणार कुठून आणि जाणार कुठं, तेच ते फिरून येत असणार. हार्वेनं धरलेले आकडे याच्यापेक्षा बरेच कमी होते तरी हिशोब तिथंच आला. नळीतून पाणी किती वाहतं त्याचा नियम तुझ्या पुस्तकात पॉइझ्यूच्या नावानं येतो, तो पण फ्रान्समधला डॉक्टर, रक्ताचाच विचार करत त्यानं बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग केले. त्रिज्येचा चौथा घात लागतो त्यात. रक्तवाहिनीची त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी कमी झाली आणि दाब तेवढाच राहिला तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो, ०.८ चा चौथा घात कॅल्क्युलेटरवर काढून बघ. हे कळलेला डॉक्टर आणि पाठ केलेला डॉक्टर यात फरक पडतो असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, रॉबर्ट मेयर. १८४० मध्ये जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावाला गेला, तिथं खलाशांच्या शिरेतून रक्त काढलं तर ते युरोपातल्यापेक्षा जास्त लाल दिसलं. त्याला वाटलं, उष्ण हवेत अंग गरम ठेवायला कमी जाळावं लागतं म्हणून ऑक्सिजन कमी खर्च होतोय. तिथून विचार करत करत १८४२ मध्ये तो ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोचला. तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातला एवढा मोठा नियम, त्याची एक सुरुवात पेशंटच्या दंडातल्या शिरेत आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरात नंदीध्वज पेलायची परंपरा आहे, मी दोन वर्षं सराव करतोय. आमचे काका म्हणतात नजर वर शेंड्याकडं ठेव, हातानं ओढू नको, पायानं जा. एवढी उंच काठी तोल कशी धरते आणि बोटावर पेन्सिल का राहत नाही, याच्यामागं काय आहे? काकांचं बरोबर आहे का?
– बाराबंदीतला एक भक्त, उत्तर कसबा

उत्तर : काकांचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे, आणि मला हा प्रश्न इतका आवडला की इथं जरा जास्त जागा घेते.

उभी काठी पडायला लागते तेव्हा गुरुत्वाकर्षण तिला टॉर्क देतं, आणि काठी फिरायला विरोध करते, त्या विरोधाला जडत्व आघूर्ण म्हणतात. टॉर्क लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण जडत्व आघूर्ण लांबीच्या वर्गात वाढतं. म्हणजे काठी जेवढी लांब तेवढी ती सावकाश पडते. किती सावकाश, तर पडायच्या सुरुवातीचा जो वेळ असतो (कललेला कोन साधारण पावणेतीन पट व्हायला लागणारा वेळ म्हणा) तो लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलीला तो ०.११ सेकंद, एक मीटरच्या काठीला ०.२६ सेकंद, आणि समजा नऊ मीटरचा नंदीध्वज धरला तर ०.७८ सेकंद. आता माणसाला डोळ्यांनी दिसून हात हलेपर्यंत ०.२ सेकंद जातातच. पेन्सिल त्याच्या आत निसटलेली असते, तुमचा काही दोष नाही त्यात. नंदीध्वजाला मात्र तुम्हाला दिसतं, कळतं, पाऊल टाकता येतं, आणि तरी थोडा वेळ उरतो. शेंड्याला हार, बाशिंग, जे काही वजन चढतं त्यानं तो अजून सावकाश कलतो.

नजर शेंड्याकडं का? एक अंशानं ध्वज कलला तर त्याचा बुडखा ज्यात टेकतो त्या पट्ट्याच्या वर मीटरभर तो पावणेदोन सेंटिमीटर हलतो. गर्दीत, हलग्यांच्या आवाजात, अंगाला अंग लागत असताना पावणेदोन सेंटिमीटर कुणाला कळणार. पण तोच एक अंश नऊ मीटर वर १६ सेंटिमीटर होतो, आभाळाच्या पार्श्वभूमीवर एक वीत सरकल्यासारखा स्वच्छ दिसतो. काकांनी शेंडा हे माप म्हणून वापरायला शिकवलंय तुम्हाला.

हातानं ओढू नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा ध्वज ६० किलोचा आहे (तुमचा किती ते तुम्हाला माहिती, माझा आकडा हिशोबापुरता) आणि वजनाचा मध्य साडेचार मीटरवर. ५ अंश कलला की तो मध्य पट्ट्याच्या बाहेर ३९ सेंटिमीटर गेला, आणि पट्ट्याच्या वर मीटरभर हात धरला असेल तर तुम्हाला साडेतेवीस किलोचा जोर लावावा लागेल. जमेल. १० अंशाला ४७ किलो. २० अंशाला ९२ किलो, तिथं एकट्याचं काम संपलं. म्हणून जाणते मानकरी तिथपर्यंत जाऊच देत नाहीत, शेंडा ज्या बाजूला निघालाय त्याच बाजूला पाऊल टाकून पट्ट्यातला बुडखा परत शेंड्याच्या खाली आणतात. वरून खाली बघितलं तर माणूस ध्वजाला धरून ठेवतच नाहीय, तो ध्वजाच्या खाली खाली पळतोय. लांबीमुळं वेळ मिळतो हे खरं, पण लांबीमुळंच उशीर झाला की सगळं हाताबाहेर जातं, त्यामुळं लहान चूक लहान असतानाच सुधारायची.

आता याच्यात बायॉलॉजी कुठं, तर तुमच्यातच आहे. नुसतं उभं राहणं हे सुद्धा ध्वजासारखाच उलटा लंबक आहे, टेकू खाली आणि वजन वर, वजनाचा मध्य बेंबीच्या थोडा खाली आणि खालचा टेकू घोट्यात. आपण कधीच पूर्ण स्थिर नसतो, डोळे मिटून एका पायावर उभं राहा, घोटा कसा सारखा दुरुस्त्या करतो ते जाणवेल. हे मोजायला दोन्ही कानांच्या आत तीन तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यात पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी वळते आणि द्रव जडत्वामुळं मागं राहतो, तो मागं राहिला हेच मेंदूला सिग्नल. सात मानाचे नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात तेव्हा एका लंबकाच्या खाली दुसरा लंबक चालत असतो, आणि खालच्याला वरच्याची पण काळजी घ्यायची असते. दोन वर्षांच्या सरावात हेच अंगात मुरतं, कागदावर लिहायला मला एवढ्या ओळी लागल्या.

प्रश्न : ताई, मिरवणुकीत आम्ही साधं चालत होतो पण आमचा साडेचार वर्षांचा मुलगा सारखा पळतच होता, हात धरला तरी टुणटुण उड्या मारत. दमला आणि रडला. त्याला नीट चालायची सवय कशी लावू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : सवयीचा प्रश्नच नाही हो, त्याला त्या वेगानं चालणं जड जात होतं म्हणून तो पळत होता.

चालताना एक पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि अख्खं शरीर त्याच्यावरून कमानीसारखं पुढं जातं, वर्तुळाचा तुकडा. वर्तुळात फिरायचं तर मध्याकडं ओढणारं बल लागतं, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी. आपल्या शरीराला खाली ओढणारं तिथं फक्त वजन आहे. वेग इतका वाढला की वजन पुरत नाही, तर पाय जमिनीवरून सुटणार, म्हणजेच उडी, म्हणजेच पळणं. ९० सेंटिमीटरच्या पायाला ही कमाल मर्यादा ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास येते, पण माणसं त्याच्या बरीच आधी, साडेसातच्या आसपास आपोआप पळायला लागतात कारण तिथून पुढं चालणं जास्त दमवतं. तुमच्या मुलाचा पाय ४५ सेंटिमीटर धरा, त्याच्यासाठी तोच आकडा ताशी ५.३ येतो. तुम्ही दोघं जरा झपझप चाललात की साडेपाच होतातच. म्हणजे तुमचं चालणं ते त्याचं धावणं. तुम्ही सावकाश चला किंवा कडेवर घ्या, दुसरा उपाय नाही.

(चंद्रावर उतरलेले अंतराळवीर पण असेच टुणटुण जाताना दिसतात, तिथं वजन सहावा भाग म्हणून ती कमाल मर्यादाच ताशी साडेचारच्या खाली येते.)

प्रश्न : वडिलांसाठी मनगटावर बांधायचं बीपी मशीन आणलं. एकदा १३०, पाच मिनिटांनी १६०, परत १२५. दुकानदार म्हणतो मशीन चांगलं आहे. आम्ही घाबरून गेलो. काय समजायचं?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी एक सांगा, माप घेताना त्यांचा हात कुठं होता? बहुतेक घरांत तो मांडीवर असतो, नाहीतर खाली लोंबत असतो.

विहिरीत खाली जाल तसा दाब वाढतो ना, रक्ताचं पण तेच. दर १० सेंटिमीटरला साधारण ८ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. मनगट हृदयाच्या ४० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर मशीन ३१ नं जास्त दाखवणार, आणि हात डोक्याशी नेला तर कमी दाखवणार. मशीन खोटं बोलत नाहीय, ते मनगटातला दाब बरोबर सांगतंय, आपल्याला हवा असतो हृदयाच्या पातळीवरचा. म्हणून पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि टेबलावर उशी ठेवून मनगट छातीच्या मध्याच्या उंचीला आणा. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ असं घेऊन वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतः वाढवायची-कमी करायची नाही, एवढं माझं ऐका.

सलाईनची बाटली उंच का टांगतात तेही हेच, मीटरभर उंचीनं ७४ मिलिमीटरचा दाब मिळतो आणि शिरेतला दाब दहाच्या आसपास असतो, म्हणून पाणी आत जातं. बाटली बिछान्यावर ठेवली तर उलट नळीत रक्त येईल. जिराफाचा मेंदू हृदयाच्या दोन मीटर वर, नुसतं रक्त तिथं चढवायलाच दीडशेच्या वर दाब लागतो, त्यामुळं त्याचं हृदयाजवळचं बीपी माणसाच्या दुप्पट असतं आणि त्याच्यासाठी ते नॉर्मल.

प्रश्न : मुंगी तिच्या वजनाच्या कितीतरी पट जड दाणा उचलते. मुंगी माणसाएवढी झाली तर ट्रक उचलेल का?
– इयत्ता सातवी, अशोक चौक

उत्तर : नाही बाळा, तिला स्वतःचं अंग पण उचलता येणार नाही. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर असतो, म्हणजे कापल्यावर जो गोल दिसेल त्याच्या क्षेत्रफळावर. वजन असतं घनफळावर. मुंगी दहापट मोठी केली तर जोर शंभरपट, वजन हजारपट. शंभरपट मोठी केली तर जोर दहा हजारपट आणि वजन दहा लाखपट. जोर मागं पडत जातो. मुंगी ताकदवान आहे ती लहान आहे म्हणूनच.

हे गॅलिलिओनं १६३८ मध्ये लिहून ठेवलंय, त्यानं एका हाडाचं चित्र काढलं आणि शेजारी तिप्पट लांब हाड काढलं जे मोठ्या प्राण्याचं वजन पेलेल, ते इतकं जाड आहे की हाड वाटतच नाही. तू हत्तीचा पाय आणि शेळीचा पाय बघ, हत्तीचा खांबासारखा आणि शेळीचा काडीसारखा. आणि मुंगी तिसऱ्या मजल्यावरून पडली तर तिला काही होत नाही, तिच्या वजनाच्या मानानं तिला हवेचा अडथळा खूप मोठा आहे. पण तीच मुंगी पाण्याच्या थेंबात अडकली तर सुटायला तिला जीव टाकावा लागतो, आपण त्या थेंबाकडं बघत पण नाही.

प्रश्न : मी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी करते. जीवाणू पोहतात, मग त्यांना न्यूटनचे नियम लागू असतात का? आमच्याकडं कुणी म्हणतं की तिथं वेगळे नियम असतात, क्वांटम वगैरे.
– एम. ए. नाही, एम. एस्सी. करायचं ठरवलेली विद्यार्थिनी, बाळे

उत्तर : लागू असतात, पूर्ण लागू असतात, क्वांटम मध्ये आणायची काही गरज नाही. फक्त तिथं जडत्व नावालाच उरतं.

पाण्यात जाताना दोन गोष्टी आडव्या येतात, एक पाण्याचं जडत्व आणि दुसरी त्याची चिकटाई म्हणजे श्यानता. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. माणूस पोहताना तो दहा लाखांच्या वर जातो, म्हणजे जडत्वाचं राज्य, भिंतीला पाय मारला की नुसतं घसरत चार मीटर जाता येतं. ई. कोलाय हा जीवाणू दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, सेकंदाला समजा ३० मायक्रॉन जातो, त्याचा रेनॉल्ड्स नंबर येतो ०.००००६. त्यानं शेपटी थांबवली तर तो किती घसरत जाईल? हायड्रोजनच्या अणूच्या रुंदीपेक्षाही कमी. म्हणजे थांबला की थांबला, त्याच क्षणी. एडवर्ड पर्सेल नावाचे फिजिसिस्ट, ज्यांना १९५२ चं नोबेल अगदी वेगळ्या कामासाठी मिळालं होतं, त्यांनी १९७७ मध्ये हे सगळं फार सुंदर मांडलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे समीकरण तिथं पण खरं आहे, फक्त उजवी बाजू इतकी लहान की शून्य धरून चालतं, आणि उरतं ते एवढंच की आत्ता जेवढा जोर लावशील तेवढाच आत्ता वेग. मागच्या सेकंदाला काय केलं होतंस त्याची पाणी काहीच आठवण ठेवत नाही.

घरात बघायचं असेल तर कपात चहा चमच्यानं ढवळ आणि चमचा काढ, चहा फिरत राहतो. मग वाटीत मध घे, तसंच ढवळ, चमचा थांबला की मध जागच्या जागी थांबतो. जीवाणूचं पाणी त्या मधापेक्षाही कितीतरी घट्ट आहे, त्याच्या दृष्टीनं.

आता याचा परिणाम बघ, इथंच खरं बायॉलॉजी आहे. स्कॅलॉप नावाचा शिंपला उघड-मीट करून पोहतो, हळू उघडतो आणि पटकन मिटतो, त्या फरकावर पुढं जातो. जीवाणूएवढ्या जगात हळू आणि पटकन याला अर्थच नाही, उघडताना जेवढा मागं गेला मिटताना बरोबर तेवढाच पुढं येणार, म्हणजे जागेवरच. तिथं पोहायचं तर अशी हालचाल पाहिजे जी उलटी चालवली तर वेगळी दिसेल. स्क्रू! ई. कोलायच्या शेपट्या मळसूत्रासारख्या पिळाच्या असतात आणि त्या फटकारत नाहीत, गोल फिरतात, सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे, बुडाशी खरीखुरी मोटर असते. हॉवर्ड बर्ग या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये त्या फिरतात हे पटवून दिलं, त्याआधी बहुतेकांना वाटायचं की लाटेसारख्या हलत असतील. शेपटी एका बाजूला फिरते म्हणून अंग उलट्या बाजूला फिरतं, टॉर्कची बेरीज शून्य, अकरावीत शिकलेलं तेच. तुमच्या लॅबमध्ये हँगिंग ड्रॉप, म्हणजे काचेखाली लोंबता थेंब, करून मोटिलिटी म्हणजे जीवाणूंची हालचाल बघतेस ना, पुढच्या वेळी एखादा जीवाणू थांबतो त्या क्षणाकडं लक्ष दे. ब्रेक मारल्यासारखं नाही, घसरणं नाही, नुसतं थांबणं.

प्रश्न : ताई, मी तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. धोटा इकडून तिकडं फेकायचा, तिकडं थांबवायचा, परत फेकायचा, सगळी वीज त्यातच जाते असं आमचे मिस्त्री म्हणायचे. आता टीव्हीवर काळवीट पळताना बघितलं की वाटतं, त्याचे पाय पण तसेच पुढं-मागं होतात, मग ते दमत कसं नाही?
– निवृत्त यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर : काका, तुमच्या मिस्त्रींना नमस्कार सांगा. मी लहानपणी गल्लीतल्या मागांच्या खडखडाटात अभ्यास केलाय, तो आवाज कशाचा होता ते फार उशिरा कळलं. लाकडी धोटा, दोन टोकांना लोखंडी टोप्या, आत बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याची कांडी. पिकर त्याला हाणतो, तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उघडलेल्या तोंडातून पलीकडं जातो आणि तिथल्या पेटीत आपटून थांबतो, मिनिटाला शंभरच्या पुढं वेळा. जायचं असतं फक्त बाण्याच्या एका धाग्याला, आणि धोट्याचं वजन त्या धाग्याच्या हजारो पट. प्रत्येक वेळी त्याला वेग द्यायला ऊर्जा घालायची आणि थांबवताना ती आवाजात आणि गरम होण्यात घालवायची. समजा ४०० ग्रॅमचा धोटा सेकंदाला १२ मीटर वेगानं गेला तर एका फेकीला २९ ज्यूल. म्हणून तर पुढं रेपियर माग आले, एअरजेट माग आले, धोटा काढूनच टाकला आणि नुसता धागा न्यायला लागले.

पळणाऱ्या प्राण्याचा पाय हा धोटाच आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत. पाऊल जमिनीवर असतं तेव्हा त्याचा वेग शून्य, आणि पुढं येताना शरीराच्या जवळपास दुप्पट, प्रत्येक पावलाला. हा खर्च कमी करायचे दोन मार्ग आहेत आणि काळविटानं दोन्ही घेतलेत. एक, धोटा हलका करायचा. त्याचा पाय नीट आठवा, वर मांडीपाशी सगळे स्नायू गोळा झालेले आणि खाली नुसतं हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आणि खूर, बोटाएवढं बारीक. पाय फिरवायचा खर्च वजनावर आणि अंतराच्या वर्गावर असतो, २०० ग्रॅम स्नायू सांध्यापासून ६० सेंटिमीटरवर ठेवण्याऐवजी १५ वर ठेवला तर तो सोळापट स्वस्त पडतो. माणसाला पण लागू आहे, बुटात प्रत्येकी १०० ग्रॅम वाढले की पळताना ऑक्सिजनचा खर्च साधारण एक टक्का वाढतो, म्हणून पळणाऱ्या पोरांना हलके बूट घेऊन द्या.

दुसरा मार्ग, थांबवताना ऊर्जा वाया घालवायची नाही, साठवायची. मागाच्या पेटीत धोटा आपटतो आणि संपतं, इथं पाऊल जमिनीवर दाबलं की कंडरा स्प्रिंगसारखा ताणतो आणि पाऊल उचलताना परत देतो. माणसाच्या टाचेमागचा जो जाड दोर हाताला लागतो तो एकटाच पळताना प्रत्येक पावलाच्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा धरून परत देतो. दाबून बघा, टाचेच्या वर चार बोटं.

थंडीत एकदा सकाळी लवकर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जा, नातवंडांना घेऊन जा. माळढोक आता तिथं दिसणं फार नशिबाचं झालंय, त्याचं मला खूप वाईट वाटतं. इतका जड पक्षी, हवेत राहायला त्याला वेग जास्त लागतो आणि वेग जास्त म्हणून वळायला जागा जास्त लागते, त्यात समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारा दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. पण काळवीट आहेत. कळप उधळला की नराच्या मागच्या पायाकडं बघा, खूर टेकतो, सांधा खाली दबतो, आणि पाय ओढणारा स्नायू तुम्हाला दिसायच्या आत तो पुढं गेलेला असतो.